काशीदादाचं रिकामं मशीन

यमुनावहिनींचा फोन सकाळी आला. "ताई, हे गेले..." एवढंच बोलल्या आणि रिसीव्हर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात आली, पण तेवढाही वेळ मिळाला नाही. आठवड्याने शोकसभा झाली. तिथे एका वक्त्याने काशिनाथदादाला 'शांत, समंजस कलावंत' म्हटलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, तरी ते शब्द मला डाचतात. काशीदादा शांत नव्हता. समंजस तर मुळीच नव्हता. हट्टी होता, तोंडाळ होता, आणि ज्या एका गोष्टीसाठी तो आम्हा सगळ्यांशी भांडला, त्या गोष्टीत त्याचंच खरं होतं. कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं.

आम्ही एकाच ऑर्केस्ट्रात होतो. मी गायची, तो ढोलकी वाजवायचा. ऑर्केस्ट्रा आबांचा. आबा मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात नोकरी करून हा संसार सांभाळायचे. दादा इथल्याच बोनकोडे गावचा. दिवसा दिघ्याजवळच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम आणि सुट्टीच्या दिवशी हळदी, लग्नं, गणपती. एका दुपारी त्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तीन महिन्यांनी तो तालमीला आला, तेव्हा त्याच्या हाताकडे बघायचं नाही असं आम्ही आपापसात ठरवलं होतं. त्यानेच हात टेबलावर ठेवला. म्हणाला, "बघा एकदा सगल्यांनी. मंग कामाला लागू."

आबा चांगले माणूस होते, आणि म्हणूनच त्या दिवशी त्यांचं बोलणं जास्त लागलं. ते म्हणाले, "काशी, तू सामानाकडे बघ. आपण आता ड्रम मशीन घेतोय. सगळेच घ्यायला लागलेत. ठेका त्यात भरलेला असतो, बटण दाबलं की झालं. तुला त्रास नाही." दादाने हात टेबलावरून उचलला. मग म्हणाला, "बटन दाबायला मानूस कशाला पायजे, आबा? मशीन घ्यायची तर घ्या. पन कंची, ती मी ठरवनार."

आम्ही तिघे मुंबईला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडली. पहिलं ड्रम मशीन, कोरं करकरीत. त्याने बटण दाबलं आणि असा घट्ट ठेका सुरू झाला की आबांची मान डोलायला लागली. कधी चुकणार नाही, कधी दमणार नाही. दादाने विचारलं, "यात ढोलकी हाय?" दुकानदाराने शोधून एक आवाज काढला. "ही ढोलकी नाय," दादा म्हणाला, "हा तेलाचा डबा हाय." दुसरं यंत्र सॅम्पलर, कुणीतरी वापरून विकलेलं, एका कोपऱ्यात टवका उडालेला. "यात काय आहे?" मी विचारलं. "काहीच नाही मॅडम. बाहेरचा आवाज यात भरायचा, मग तो बोटाखाली येतो. तुम्ही जे भराल ते." आबांनी तिथल्या तिथे दहा अडचणी काढल्या, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. आवाज भरायला जागा जेमतेम काही सेकंदांची. दर वेळी फ्लॉपी घालून सगळं चढवायचं. मध्येच लाइट गेली की पाटी कोरी. दादा त्या रिकाम्या यंत्राकडे बघत राहिला. "आबा, सबंध ठेका मना आता जमत नाय," तो म्हणाला, "पन एक थाप तर मारता येते ना! हिला एकच थाप पायजे."

मी तेव्हा आबांच्या बाजूने होते. हे कबूल करायला हवं. दादाने आम्हा दोघांनाही ऐकवलं, "एक सीझन द्या. फसलं तर मीच जाईन, तुमाला सांगावं लागनार नाय." आबांनी सॅम्पलर घेतला.

मग एक सबंध रविवार आम्ही त्याच्या घरी थापा भरत बसलो. पंखा बंद, खिडक्या बंद, वहिनींनी शेजारच्या घरांत जाऊन मिक्सर न लावायची ताकीद दिलेली. डाव्या हाताची घुमणारी थाप लवकर मिळाली. उजव्या हाताची मिळेना. उरलेल्या बोटांनी तो मारायचा, ऐकायचा, "नाय" म्हणायचा, पुन्हा मारायचा. जखमेची कातडी लाल झाली. वहिनी म्हणाल्या, "पुरे आता." तो म्हणाला, "माजीच थाप मना सापडत नाय आनि पुरे कसं?" दुपारी कधीतरी ती सापडली. त्याने सॅम्पलरच्या बटणावर बोट ठेवलं आणि तीच थाप आली, एकदा, दोनदा, मग त्याच्या मनातल्या सगळ्या वेगाने. दादा हसला नाही की रडला नाही. म्हणाला, "जेवायला वाढ."

खरी परीक्षा करावे गावात झाली. हळद होती, मांडव गच्च. तिसऱ्या गाण्याला लाइट डोळा मारून परत आली, पण तेवढ्यात सॅम्पलर कोरा झाला. फ्लॉपीवरून आवाज चढायला मिनिटभर लागायचं. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "ढोलकीवाला आना रे!" आबा पडद्यामागून दात-ओठ खात होते. दादा उठला, माझ्या हातातला माइक घेतला आणि आपला बोटं गेलेला हात वर धरला. "हाच ढोलकीवाला हाय. दोन बोटं कारखान्यानं नेली. यो एक मिनिट तरी तुमी नेऊ नका." मांडवात चिडीचूप झालं... आणि मग ढोलकी आली. लोक नाचले म्हणून सांगत नाही, ते तर नाचतातच. सांगायचं हे की गावातला एक म्हातारा ढोलकीवाला स्टेजच्या मागे येऊन शोधत होता, "वाजवतंय कोन?"

पुढच्या वर्षी आबांनी ड्रम मशीन घेतलंच. धंद्याला ते सोपं होतं, त्यांना दोष देत नाही. दादा त्याच दिवशी बाहेर पडला, जाताना फक्त सॅम्पलर मागून घेतला. नंतर कोणी त्याच्याकडे फ्लॉपी मागायला आलं की म्हणायचा, "माजी थाप नाय मिलनार. तुजी ढोलकी घेऊन ये, तुजी भरून देतो." आणि द्यायचा. दिघ्याचे आले, कराव्याचे आले, एक बाईही आल्या, ज्यांना कुठलाच ऑर्केस्ट्रा वाजवायला बसवत नव्हता. प्रत्येकाला तो तेवढंच छळायचा, थाप सापडेपर्यंत.

तेराव्याला आम्ही सगळे त्याच्या घरी बसलो होतो. मागच्या गल्लीत हळद होती. तिथला बँडवाला, कराव्याचा दत्ता, दारात येऊन हात जोडून उभा राहिला. "वैनी, आज आमी वाजवत नाय. नुसतं जेवन होईल."

वहिनींनी मान वर केली. "तुजी थाप कोनी भरली?"

"दादांनी."

"किती वेलात?"

"दोन दिवस बसवलं मना."

"दोन दिवस त्यांनी तुला ती थाप बंद ठेवायला बसवलं व्हतं?" वहिनी उठल्या, दार पूर्ण उघडलं. "जा. आनि इथवर ऐकू येईल असं वाजव."