जिथं आडनाव कुणी विचारत नाही

नवऱ्याच्या कंपनीनं त्याला फिनलंडला कायमची बदली देऊ केली, तेव्हा आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मोबाइल फोनचा धंदा जोरात होता आणि आमच्या ग्रीन कार्डचं मात्र भिजत घोंगडं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नवरा सोफ्यावर निवांत, आणि माझा पाय काही घरात ठरेना.

मी तडक लायब्ररी गाठली आणि ज्ञानकोशात फिनलंड शोधला. तळी, जंगलं, पुन्हा तळी. उत्तरेकडं ऐन हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. बायकांना मतदानाचा हक्क युरोपात सगळ्यांत आधी तिथं मिळालेला. हे वाचून मी उगाचच खूश झाले. लाकूड आणि कागद विकून देश वर आलेला. पुस्तक इतकं जुनं की त्यातलं त्यांचं मोठं गिऱ्हाईक, सोव्हिएत युनियन, अजून जिवंत होतं. ते गिऱ्हाईक गेलं तेव्हा तिथल्या बँका आणि कारखानेही गाळात गेले, हे एका मासिकात सापडलं. आता डावे-उजवे पाच पक्ष मिळून सरकार चालवत होते आणि फोन विकून देश सावरत होता.

घरी आल्यावर कोट काढायच्या आधीच मी सुरू झाले.

"शाळा फुकट. दवाखाना जवळपास फुकट."

"टॅक्स चेक केलास?"

"केला. भरू."

"आणि अंधार?"

"लाइट लावू."

"काहून एवढी घाई करून राहिली तू?" चिडला की त्याच्या तोंडी नागपूर यायचं.

घाई होतीच. इथं मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला कुणीतरी 'मूळचे कुठले?'पासून सुरू करायचं आणि हळूहळू मुद्द्यावर यायचं. उत्तर ऐकल्यावर समोरच्या काकूंचं हसू तसंच राहायचं, पण त्यांना एकदम कढी गरम करायची आठवण व्हायची. आम्ही बौद्ध आहोत हे मी कधी लपवलं नाही. पण सांगताना दर वेळी छातीत धडधडायचं, आणि त्या धडधडीचाच मला संताप यायचा. फिनलंडमध्ये आमचं आडनाव म्हणजे नुसती चार अक्षरं असणार होती. मला तेवढंच हवं होतं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. आमची चार घरं दर रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वंदनेला जमायची. मग खीर, मग भारतातल्या राजकारणावरून भांडणं. "हे तिथं कुठून आणणार यार?" तो म्हणायचा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

कंपनीनं आधीच तिकडं गेलेल्या एका मराठी इंजिनियरचा नंबर दिला होता. शनिवारी सकाळी मी तो लावला. फोन त्याच्या बायकोनं उचलला. मराठी ऐकल्याबरोबर ती बोलतच सुटली. बर्फ फार, पण बस वेळेवर येते. शेजारी सभ्य आहेत, कुणाला कुणाचा त्रास नाही. मग ती जरा अडखळली.

"रागावू नका, पण तुमचं आडनाव काय हो?"

माझे कान तापले. आडनाव सांगितलं आणि पुढचं विचारायची वाट न बघता तेही सांगून टाकलं. नागपूर, बौद्ध, सगळं. अगदी भांडायच्या आवाजात.

मग ती म्हणाली, "आम्ही पण, ताई. अकोल्याचे. तीन वर्षं झाली, इथं कुणी काही विचारतच नाही. एप्रिलमध्ये जयंतीला मी एकटीच मेणबत्ती लावते. शेजारीण म्हणते, बर्थडे कुणाचा? आता तिला कुठून सुरुवात करून सांगू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही येताय ना?" तिनं विचारलं.

जाण्यासाठी आठवडाभर उतावीळ झालेली मी. तिच्यासाठी त्याच क्षणी निघावंसं वाटलं, आणि स्वतःसाठी पाऊल उचलवेना. मला तिच्यासारखी एकटीनं मेणबत्ती लावायची नव्हती. नवरा सोफ्यावरून माझ्याकडं बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "नाही येत आम्ही."

"बरं," ती म्हणाली. "पण लगेच फोन ठेवू नका."