नवं सीट कव्हर

नंदुरबारहून चिंचपाड्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. खिडकीशी त्याचा म्हातारा बाप होता, दवाखान्यात दाखवायला चाललेला. मुलाच्या हातात मात्र कारची किल्ली. ती तो बोटावर गरागरा फिरवायचा आणि मध्येच रुमालाने पुसायचा.

सगळ्या वाटेत तो गाडीशिवाय दुसरं काही बोलला नाही. ऑइल कोणतं, पॉलिश कोणतं, टायरमध्ये साधी हवा भरणारे लोक किती अडाणी. पेट्रोल भरायला म्हणे तो दर रविवारी नवापूरच्या पुढे गुजरातेत जातो, तिकडे स्वस्त पडतं. जाता-येता जळतं त्याचं काय, असं मी विचारलं, तर त्याला माझी कीव आली.

म्हणजे नवापूरच्या वाटेवर गाडी दर रविवारी चिंचपाड्यावरूनच जाते! मग आज एसटी कशाला, मी विचारलं.

"आप्पाले गाडी लागस," तो हळूच म्हणाला, "नि सीट कव्हर नवा शेतस."

तेवढ्यात आप्पांना उलटी झाली. लेकाने एका हाताने पिशवी धरली आणि दुसऱ्या हाताने किल्ली लांब, वर, सुरक्षित नेली.

आप्पांनी तोंड पुसलं. मी विचारलं, "आप्पा, मुलाची गाडी कशी आहे?"

म्हातारा खुलला.

"मी अजून बठनू नही, भाऊ. पन रोज सकाये मीच धोवस ना. भारी चमकस!"