रेवदंड्यात अडकलेलं छप्पर

पनवेलहून सकाळी मुरूडला जायला निघालो तेव्हा गाडीचं छप्पर बंद होतं, आणि दिवसभर ते बंदच ठेवायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. लाल, दोनच माणसांची, वापरलेली स्पोर्ट्स कार. बटण दाबलं की छप्पर घडी होऊन मागे जातं. घेताना सुनीताने, माझ्या बायकोने, एकच प्रश्न विचारला होता. "नीट तपासलीत ना?"

"सगळं तपासलं," मी म्हणालो होतो.

ते खोटं होतं. डीलरच्या आवारातच छप्पर अर्ध्यावर अडकलं होतं आणि मी स्वतः हाताने ढकलून ते बसवलं होतं. "वापर नसला की होतं असं," डीलर म्हणाला. मला गाडी हवी होती, म्हणून मला ते पटलं.

अलिबाग मागे टाकून चौलला आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, दाट गार सावली.

"आता तरी उघडा की," सुनीता म्हणाली.

नाही कसं म्हणणार? बटण दाबलं. छप्पर निमूट मागे गेलं. सुनीताने दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने हसली. ही गाडी मी त्या दहा मिनिटांसाठीच घेतली असावी.

रेवदंड्यात जेवायला थांबलो. गाडी एका खळ्याच्या (मासळी वाळवायच्या अंगणाच्या) कडेला लावली आणि छप्पर मिटायला बटण दाबलं. ते अर्ध्यावर आलं आणि उभंच राहिलं. दहादा दाबलं. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. ढकलून पाहिलं. नाही म्हणजे नाही!

खळ्यावरून एक कोळीण धावत आली. "ओ दादा, गारी काढा! सावली परते माज्या बोंबलांवर!"

"छप्पर मिटत नाही हो."

"मंग उघरा."

"उघडतही नाही."

"मंग घेतली कशाला?"

डीलरला फोन लावला. मोठ्या तोऱ्यात, सुनीतालाही ऐकू येईल असा. "साहेब, कागदावर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय," तो शांतपणे म्हणाला. "आणि तुम्ही स्वतःच तर ते ढकलून—" मी घाईने स्पीकर बंद केला. पुढचे चार फोन त्याने उचललेच नाहीत. सुनीता बोंबलांकडे बघत होती.

तेवढ्यात कोळणीचा नवरा, नाखवा (होडीचा मालक), दोर घेऊन आला. "इकणारा पैल्या फेरीला संगती न्हवता आला?" त्याने विचारलं. "आमी होरी इकली का पैल्या फेरीला संगती जातो. पानी शिरलं तं त्याचे बी पाय भिजले पायजेत."

मी हळूच विचारलं, "आणि घेणाऱ्याला भोक आधीच दिसलं असेल तर?"

"तं त्यानं एकट्यानं जावं. बायकोला कशाला बसवायची?"

सुरमईचं जेवण तसंच राहिलं. आम्हाला आत बसवून नाखवा आणि दोन गड्यांनी छप्पर खाली दाबलं, आणि दोर छपरावरून घेऊन, एका खिडकीतून घालून दुसरीतून काढून मागे डिकीपाशी गाठ मारली. आता दारं उघडणार नव्हती. मुरूडही राहिलं, परत फिरलो. आम्ही दोघं बांधलेले, छप्पर फडफडतंय, आणि दोराला बोंबलांचा वास.

वडखळला वाहतूक तुंबली. तिथे मी सुनीताला सगळं सांगितलं. उतरून जायची सोय नव्हती, तिला नाही आणि मलाही नाही.

ती म्हणाली, "चौलला मी 'उघडा' म्हणाले, तेव्हा तरी सांगायचं."

घरी न जाता संध्याकाळी गाडी थेट डीलरच्या दारात लावली. गाठ सोडायला त्यालाच यावं लागलं. ती काही त्याच्या नखांना दाद देईना. शेवटी खिडकीशी वाकून तो सुनीताला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "हिलाही माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं. गाठ सोडा, पुढची फेरी आपण दोघं मारू. रेवदंड्यापर्यंत."

त्याने हाताचा वास घेतला. "ठेवून जा. बघतो."

"बघतो नाही," सुनीता आतून म्हणाली. "दुरुस्त करून देतो, असं लिहून द्या. मग सोडा गाठ."

त्याने लिहून दिलं आणि दोर कापला. चूक त्याची किती आणि माझी किती, हे त्या कागदावर नव्हतं.

घरी जायला रिक्षा केली. बसण्याआधी सुनीता थांबली, वर बघून म्हणाली, "हिचं तपासलंत?"

मी हात वर करून छप्पर खरंच चाचपलं. मगच ती बसली.