स्लॅबचं पाणी

माझी नात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा जुन्नरच्या घरी तिने मला एक इंग्रजी शब्द विचारला, ‘डेरोगेट’. मला येत नव्हता. “ठरलेल्या दर्जापासून ढळणं, आजोबा,” ती म्हणाली आणि मला माझं एक जुनं काम आठवलं.

आहुप्याकडच्या एका वाडीत शाळेच्या बांधकामावर मी सुपरवायझर होतो. नव्या स्लॅबवर बरेच दिवस पाणी ठेवावं लागतं, नाहीतर तो कच्चा राहतो. उन्हाळ्यात विहीर आटली होती आणि टँकर यायचा तो फक्त कामासाठी. हंडा घेऊन आलेली एक बाई म्हणाली, “भाऊ, तुमचं सिमिट पाणी पितंय, अन् आमच्या पोरांनी काय प्यायचं?” मी टँकर वाडीला दिला, रोजच दिला. साहेबांना मात्र सांगितलं, स्लॅबला पाणी नीट मारलंय. ते खोटं होतं.

तेव्हापासून पाऊस जोरात लागला की मला झोप येत नाही. शाळेचा नंबर मी मिळवून ठेवला होता, पण लावायची छाती झाली नाही.

परवा नातीला सगळं सांगितलं. ती घाबरून म्हणाली, “आत्ता पोरं आत असतील ना?” नंबर तिनेच लावला. स्लॅब कच्चा असल्याचं मुख्याध्यापकांनी माझ्याकडून ऐकलं आणि फोन चालू ठेवूनच ओरडले, “दप्तरं राहू द्या, सगळे बाहेर, हिरड्याच्या झाडाखाली चला!”

पोरांचा गलका लांब जाईपर्यंत मी फोन कानाला दाबून धरला होता.