मशीन्सच्या ओरलला दत्ता

चार वर्षं इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स केलं की डोक्यात फॉर्म्युले राहत नाहीत, किस्से राहतात. माझ्याकडचे बरेचसे दत्ताचे. दत्ता आंदर मावळातला, माझा लॅब पार्टनर, आणि मशीन्स या विषयाच्या ओरलमध्ये सारखा आपटणारा. शेवटच्या वर्षी ती पुन्हा गेली असती तर डिग्री लटकली असती. त्याच्या आबांनी बजावलंच होतं, "आवंदा इषय न्हाई निघाला, तर गप म्हशी सांभाळ!"

*

पोरगा विजेचं शिकतो म्हटल्यावर सुट्टीत गावभरचे मिक्सर त्याच्या ओट्यावर यायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, "मावशी, आमाला ह्यो न्हाई शिकवत."

"मंग काय शिकवत्यात?"

"ट्रान्सफॉर्मर."

मावशीनं मिक्सर उचलला. "त्यो आमचा चालू हाय!"

*

घरचा फ्यूज गेला. दत्ता लांबूनच बघत उभा. आबा कावले, "एवढं शिकून करंटला भितोस व्हय?"

"आबा, शिकलो म्हनूनच भितो!"

*

लोणावळ्याकडच्या एका सबस्टेशनला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट निघाली. शनिवारी! पर्यटकांच्या गाड्यांत बस अशी अडकली की आम्ही चिक्की घेऊन परत आलो. रिपोर्ट मात्र सगळ्यांनी लिहिला. माझ्या रिपोर्टवर सरांचा शेरा होता, "निरीक्षण उत्तम."

*

प्लेसमेंटला एकच कंपनी आली, तीही कोडिंगवाली. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "इलेक्ट्रिकल करून कोडिंगकडे का वळावंसं वाटलं?"

मी पार थकलो होतो. खरं तेच बोललो, "मॅडम, दुसरं कुणी आलंच नाही."

*

आता दत्ताची ओरल. लॅबमधली मोटर आमच्या सीनियर्सच्याही आधी जळालेली. रीत अशी की स्टार्टर दाबायचा, जरा वेळ गंभीर चेहऱ्यानं उभं राहायचं आणि सीनियर्सच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवायची. सर सही करायचे. आम्हाला यात काही चुकतंय असं कधी वाटलंही नाही.

पण ओरलला परीक्षक बाहेरचे येणार, म्हणून कॉलेजनं मोटर गुपचूप दुरुस्त करून घेतली. आम्हाला कुणी सांगितलं नाही!

दत्ताचा नंबर आला. मला त्याची भयंकर काळजी वाटत होती. परीक्षक म्हणाले, "मोटर चालू कर."

त्यानं सवयीनं स्टार्टर दाबला आणि मोटर घूंऽऽ करून फिरायला लागली. दत्तानं झटकन स्टॉपचं बटण दाबलं आणि मागे उडी मारली.

"सर, फॉल्ट आहे!"

"कसला फॉल्ट?"

"मोटर फिरतेय, सर!"

परीक्षकांनी दत्ताकडे पाहिलं, मग मोटरकडे.

"जा बाळ, तू पास," ते म्हणाले. मग आमच्या सरांकडे वळून त्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "सर, आता तुम्ही बसा."