चौदावी टोपी

युतुंगचं नाव पुढे आलं तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मी. खोटं कशाला बोलू? देवळाच्या पंचांच्या बैठकीत मात्सूआई म्हणजे आमची समुद्राची देवी, तिच्याच देवळात भर सभेत उभी राहून म्हणाले, "कॉलेजातली पोर ही. वर्षभरात दोन मोबाइल हरवलेत तिने. मात्सूआईला परदेशी न्यायचं म्हणजे काय छत्री न्यायचीय?"

अध्यक्ष हौ, म्हणजे माझे थोरले दीर, टेबलावर हात आपटून म्हणाले, "सुमेई, तू बस खाली. आईलाच विचारू."

मग कौल लावला. लाकडाच्या दोन फाका, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली की आईचा होकार. दोन्ही फुगीर पडल्या की नकार. दोन्ही सपाट पडल्या की आई हसली, म्हणजे नीट विचार, पुन्हा विचार. मोठ्या कामाला सलग तीन होकार लागतात. युतुंगने गुडघे टेकून फाका टाकल्या आणि तीनदा टाकल्या तशा तीनदा होकार. आता आईनेच सांगितल्यावर मी कोण बोलणार? बसले गप. पण मनातून काही पटलं नव्हतं.

तशी मी या पोरीला नऊ वर्षांची असल्यापासून बघतेय. देवळासमोर माझी माशाच्या गोळ्यांच्या सुपाची गाडी आहे, तिथून आतलं सगळं दिसतं. बापाची कालवांची शेती खाडीत. ही शाळेला जाताना रोज देवळात शिरायची, दिव्यांच्या काचा पुसायची आणि आईशी गप्पा मारायची. बाकीचे येतात ते मागायला येतात, हे दे, ते दे. ही काही मागायची नाही, नुसतं सांगायची. "आई, आज गणिताचा पेपर आहे." "आई, आमच्या मांजरीला चार पिल्लं झाली." मला वाटायचं, पोर जरा वेडसर आहे.

तर निघालो. युतुंग धरून ढोलपथकाची बारा पोरं, त्यांच्यावर नजर ठेवायला मी, आणि वीतभर उंचीच्या मूर्तीतली मात्सूआई. समुद्रापलीकडे जपानमध्ये, क्यूशूच्या किनाऱ्यावर एक छोटं बंदर आहे. शेकडो वर्षांपूर्वी आमच्याकडच्या खलाशांनी तिथे आईची एक मूर्ती नेऊन बसवली. ती आमच्या आईची बहीण. दर बारा वर्षांनी आमची आई तिला भेटायला जाते आणि दोघी बहिणी एका नावेतून बंदराला फेरी मारतात. नाव भरतीलाच निघते. भरती कोणासाठी थांबत नाही.

मी सगळ्यांना पिवळ्या टोप्या घालायला लावल्या होत्या. गाडीत चढलं की मोजायचं, उतरलं की मोजायचं. तेरा टोप्या आणि वर आई, चौदा. आईला तिकीट असतं, खिडकीशी जागा असते, मग मोजणीत नको?

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून आईला जावं लागलं. युतुंगने लाल कापडाचं गाठोडं ट्रेमध्ये ठेवलं आणि वाकून म्हणाली, "आई, दोन मिनिटं अंधार आहे हं. घाबरू नकोस, मी पलीकडे उभीच आहे." आणि धावली पलीकडे. कमरेचा पट्टा काढायचा राहिला होता. ते यंत्र कोकलायला लागलं, दोन पोलिस धावले आणि ही त्यांना सांगतेय, "एक मिनिट हो, आमची आई येतेय!" मी कपाळाला हात लावला.

पहिल्याच सकाळी तिने सराईच्या खोलीत उदबत्ती पेटवली. छताला लावलेली धुराची घंटा अशी ठणाणा वाजली की मालकीणबाई आग विझवायचं नळकांडं घेऊन, एका पायात सपाता आणि एक पाय उघडा, अशा आल्या. युतुंग कमरेत वाकली ती वाकलेलीच राहिली. मग मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "ही समुद्राची आई आहे. सकाळी तिला उठवायचं असतं." मालकीणबाईंनी नळकांडं खाली ठेवलं. त्यांचा नवरा जन्मभर मासेमारी केलेला. दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणात स्टूल मांडलेलं, वर स्वच्छ कापड, आणि शेजारी एक संत्रं.

जेवणाचंही तेच. पहिला वाडगा आईपुढे, मग आम्ही. पो-हान नावाचा एक दांडगा पोरगा आहे पथकात, मोठा ढोल वाजवतो आणि दोन माणसांचं जेवतो. तो हात जोडून म्हणायचा, "आई, लवकर जेव ना गं. माझ्या शेवया फुगतायत!" सगळे खो-खो हसायचे. युतुंगही हसायची, पण वाडगा काही वेळेआधी उचलायची नाही.

तिसरा दिवस भेटीचा. सकाळच्या गाडीने बंदराच्या गावी निघालो. दुपारी अडीचला भरती. गाडी वळणावळणाची, आणि हा पो-हान, सकाळी चार वाडगे हाणलेले, पांढराफटक पडला. स्टेशन आलं तशी युतुंगने एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्या हातात त्याची पिशवी, आणि दारातून वळून मला म्हणाली, "काकू, आईला घेता ना?"

"हो हो, घेते. तू हो पुढे!"

मी तेव्हा काय करत होते? फळीवरून झांजांची पेटी काढताना दोन पोरांशी भांडत होते. पेटी निघाली, पोरं उतरली, मी उतरले. फलाटावर उभी राहून टोप्या मोजल्या. चौदा. चला, सगळे आले. दारं मिटली, गाडी सुटली.

तेवढ्यात युतुंग पो-हानला बाकावर बसवून आली. माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाली, "काकू, आई?"

मी टोप्या पुन्हा मोजल्या. आम्हाला घ्यायला आलेले मोरितासान शेजारीच उभे होते, सज्जन माणूस. आणि त्यांच्या डोक्यावर पिवळी टोपी. आम्हीच महिन्यापूर्वी कौतुकाने पाठवलेली. बिचाऱ्यांनी आमच्या मानासाठी घातली होती आणि मी त्यांनाच चौदावं मोजलं होतं.

आई खिडकीशी बसून पुढे निघून गेली होती. एकटी.

पोरं रडकुंडीला आली. एक म्हणतो रुळांवरून धावू या, एक म्हणतो टॅक्सी करू. मोरितासान स्टेशनमास्तरांकडे पळाले. आणि मी? माझ्या डोक्यात एकच, दीर मला जिवंत ठेवायचे नाहीत. मी युतुंगला बाजूला ओढलं. "हे बघ, गावाकडे कोणाला कळायला नको. मिळेल आई. तू आधी कौल लाव, मिळणार का नाही ते विचार."

"कोणाला विचारू काकू? आई इथे कुठे आहे?" तिने मोबाइल काढला. "आणि मला काय करायचंय ते ठाऊक आहे. त्यात विचारायचं काय?"

तिने सरळ अध्यक्षांना फोन लावला. "आजोबा, मी युतुंग. आई गाडीत राहिली. गाडी पुढे गेली. जबाबदारी माझी होती, चूक माझी आहे." माझं नावही घेतलं नाही! मी हातभर अंतरावर उभी. एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं? पण नाही. एकसष्ट वर्षांची बाई मी, मिठाची गुळणी धरून उभी राहिले. पलीकडून दिरांचा आवाज मलाही ऐकू आला, "पंचांना बोलावतो." फोन बंद झाला. युतुंग पो-हानजवळ जाऊन बसली आणि त्याला पाणी पाजायला लागली. तो रडत होता, "माझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "तुझ्यामुळे काही नाही रे. आई समुद्रात वादळातल्या नावा शोधते. तिला आपलं स्टेशन सापडणार नाही होय?"

पंधरा मिनिटांनी स्टेशनमास्तर आले. हातात वही, चेहरा गंभीर. पुढे गेलेल्या त्या गाडीतल्या कंडक्टरला खिडकीशी एक प्रवासी सापडले होते. गाठोड्यात त्यांचं तिकीट होतं, या स्टेशनपर्यंतचं. त्यांच्याकडे नियम आहे म्हणे, डुलकी लागून पुढे गेलेल्या प्रवाशाला परतीच्या गाडीने आणून सोडायचं. फक्त नोंद हवी. त्यांनी मोरितासानना विचारलं, मोरितासाननी मला, "प्रवाशाचं वय?"

"हजाराच्या वर," मी म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

एक चाळीसला गाडी आली. दार उघडलं आणि पांढरे हातमोजे घातलेला कंडक्टर, वय असेल पोरांपेक्षा चार वर्षांनी मोठं, दोन्ही हातांवर लाल गाठोडं धरून उतरला. त्याने आधी आईला वाकून नमस्कार केला, मग युतुंगला. आता मात्र पोरीचा बांध फुटला. गाठोडं छातीशी धरून हमसून हमसून रडली. "आई, एकटीच फिरून आलीस ना? समुद्र दिसला का?" मीही रडले. सगळा फलाट रडला, मोरितासाननी टोपीने डोळे पुसले.

पण गोष्ट संपली नव्हती. बंदरावर पोचलो, पालखी तयार, नाव तयार, बहीण देवळाच्या वरच्या पायरीवर पालखीत येऊन बसलेली, गाव जमलेलं. सव्वादोन वाजले होते. आणि दिरांचा व्हिडिओ कॉल आला. मागे सगळे पंच.

"आई मिळाली, बरं झालं," दीर म्हणाले. "पण जिच्या हातून आई राहिली तिने तिला पुन्हा हात लावायचा नाही. पालखीत पो-हान बसवील."

पो-हान ओरडला, "मी नाही!" युतुंगने त्याला खुणेनं गप्प केलं. तिचा चेहरा पार उतरला होता. बारा वर्षांनी येणारा दिवस, बहिणीच्या मांडीला मांडी लावून आईला बसवायचं, त्यासाठी तिने महिनाभर मांस-मच्छी सोडली होती. तरी म्हणाली, "बरं, आजोबा. फक्त मला आईने नेमलं होतं. मोकळं पण तिलाच करू द्या."

पंचांनी माना डोलावल्या. कौलाने नेमलेल्याला कौलानेच काढायचं, ही रीतच आहे. आईला पायरीवर ठेवलं, युतुंगने गुडघे टेकले, मी फोन उंच धरला. दीर फोनमधून म्हणाले, "आई, या मुलीच्या चुकीबद्दल तिला मोकळं करायचं का?"

फाका पडल्या. दोन्ही सपाट. आई हसली.

दुसऱ्यांदा टाकल्या. दोन्ही सपाट.

तिसऱ्यांदा. दोन्ही सपाट, आणि त्यातली एक गरागरा फिरून माझ्या बुटाला येऊन टेकली.

"हे काय?" दीर गडबडले. "तीनदा हसली? प्रश्नच चुकलाय की काय?"

दहा मिनिटं, नऊ, आठ, कोणीतरी भरतीला उरलेला वेळ मोठ्याने सांगत होतं. मला मात्र काही ऐकू येईना. माझं तोंड आपोआप उघडलं. फोन मी मोरितासानच्या हातात दिला आणि युतुंगच्या शेजारी धपकन गुडघे टेकले. दुखऱ्या गुडघ्यातून अशी कळ गेली म्हणता! "प्रश्न चुकलाय, भावोजी. युतुंग आजारी पोराला धरून उतरली. आईला घ्यायला तिने मला सांगितलं होतं. मी हो म्हणाले आणि विसरले. टोप्या मोजल्या आणि विसरले. आणि मघाशी ती सगळं स्वतःवर घेत होती तेव्हा मी भित्र्यासारखी गप्प राहिले." मग फाका उचलल्या. "आई, चूक माझी ना?"

होकार.

"माझीच?"

होकार.

"नक्की?"

पुन्हा होकार. इतक्या झटक्यात की पो-हान फस्सकन हसला आणि मग पथकच्या पथक हसत सुटलं. फोनमध्ये पंच हसत होते, मोरितासान भाषांतर करत होते तसतसं जपानी गावही हसायला लागलं. अख्ख्या दोन देशांपुढे आईने माझे कान उपटले. आणि खरं सांगते, फलाटावरून छातीत घेऊन आलेला तो दगड उतरला.

दिरांनी डोळे पुसले. हसून आले होते की कशाने, देव जाणे. "युतुंग," ते म्हणाले, "आता तू विचार. तुझं तू."

पोरीने फाका कपाळाला लावल्या. "आई, मी नेऊ ना तुला बहिणीकडे?"

एक होकार. दोन. तिसऱ्याला फाका दगडावरून उडाल्या, कडेला गेल्या, आणि पडल्या. होकार!

"उचल पोरी!" दीर गरजले. "उचल आईला!"

पो-हानने ढोलावर अशी थाप मारली की बंदरावरचे सीगल उडाले. युतुंगने आईला छातीशी घेतलं, पायऱ्या चढली, बहिणीशेजारी पालखीत बसवलं आणि पुढचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला. नावेपर्यंत शंभर पावलं वाट. आमच्याकडे ज्याला आईचा आशीर्वाद हवा तो वाटेत पालथा पडतो आणि पालखी त्याच्यावरून जाते. मी टोपी काढली आणि भर रस्त्यात आडवी झाले. जपानी बायका घाबरल्या, म्हातारीला चक्कर आली म्हणून दोघी पाणी घेऊन धावल्या. मी ओरडले, "अगं बाजूला व्हा, येऊ दे तिला!"

डांबराचा वास येत होता. ढोल जवळ आले. मग माझ्या अंगावर सावली पडली आणि वरून युतुंगचा आवाज आला, दमलेला, हसरा, "काकू, डोकं खाली घ्या, आम्ही येतोय." मी डोकं खाली घेतलं आणि तिघी माझ्यावरून गेल्या.