कोयता न लावता पाडलेली वाट

तुमच्या गावामागची डोंगरवाट कुणी बंद केली, असं विचारलं तर तुम्ही लगेच सरकारकडे बोट दाखवाल. पण त्या वाटेवर तुम्ही स्वतः शेवटचं पाऊल कधी टाकलं होतं, हे सांगता येईल का?

मला सांगता आलं नसतं. म्हणून तर ती चूक झाली.

मी पत्रकांवर वाढलो. सापगावजवळच्या आमच्या घरी मामा कल्याणहून पत्रकांचे गठ्ठे आणायचा, आणि अंकलिपी संपायच्या आत मी ‘बंधूंनो, उठा’ वाचायला लागलो होतो. त्यामुळे मला साधं वाक्य लिहिताच येत नसे. पडसं झालं तरी मी ‘असह्य यातना’ लिहायचो.

महायुद्ध सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका डोंगरपाड्याने मला अर्ज लिहायला बोलावलं. पाडा शहापूर तालुक्याच्या टोकाला. मागे डोंगर, डोंगरापलीकडे मुरबाड. खिंडीतून जाणारी पायवाट धरली की दुपारपर्यंत पलीकडे उतरता यायचं. पलीकडे भरणाऱ्या म्हशाच्या जत्रेला सारा पाडा त्याच वाटेने जायचा. गाडीरस्त्याने वळसा घालायचा तर दोन दिवस मोडत. पण त्या वर्षी पाऊस लांबला, गवत माजलं, आणि माणसं खाली लाकूडतोडीच्या रोजावर अडकली. वाट दिसेनाशी झाली. गवत कापावं तर जंगल राखीव, कोयता लावला की गुन्हा. वाट साफ करायची परवानगी मिळावी, एवढंच पाड्याचं मागणं होतं.

त्या वाटेवर सगळ्यात जास्त जीव अडकला होता तो मावशीचा. सारा पाडा तिला मावशीच म्हणे. ती पाड्याची सुईण. तिची लेक डोंगरापलीकडे दिलेली, तिला आठवा महिना लागलेला, पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला घरी आणायचं होतं. “दोन दिस गाडीत हिसके खात आणू व्हय तिला?” मावशी म्हणाली. “सगल्यांची पोरं माज्या हातावं झाली, न् माज्या लेकीचं तिकडं कुनाच्या हातावं?”

मी पेटलो. एका बैठकीत दोन पानं लिहिली. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्याने वाचून दाखवलं: ‘सदर वाटेवर पुरुषभर गवत माजले असून तीवर पाऊल ठेवणेही मनुष्यमात्रास अशक्य झाले आहे.’

पंधरा दिवसांनी जंगलखात्याचं उत्तर आलं. ते मीच पाड्यावर वाचलं. ज्याअर्थी अर्जदाराच्याच म्हणण्यानुसार वाटेवर पाऊल ठेवणे अशक्य आहे, त्याअर्थी वाट वापरात नाही. गाडीरस्ता सोयीचा आहे. सबब येत्या सोमवारी पाहणी करून वाट कायमची बंद करण्यात येईल.

मग मावशीने विचारलं, “पाय ठेवता येत नाय, असं तू लिवलंस?”

“लिहिलं, पण त्याचा अर्थ...”

“तू ठेवून पाह्यलास?”

“नाही.”

“मंग कशाला लिवलंस रे?”

“कागदावं बरं दिसतं म्हून,” एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. मला ते हसू आजही टोचतं.

मी म्हटलं, दुसरा अर्ज लिहितो, याहून कडक. मावशी म्हणाली, “आता तुजा हात नको. पाय दे.”

कापायला बंदी होती. तुडवायला बंदी आहे, असं कुठे लिहिलं होतं? मी त्याचं कलम आठवत बसलो, तोवर मावशी जुनी गोणपाटं फाडून मोकळी झाली. पोटरीपर्यंत गोणपाट गुंडाळायचं, वरून दोरी आवळायची, म्हणजे कुसळं आणि खुंट लागत नाहीत.

शुक्रवारी उजाडताच आम्ही आठ जण निघालो. थंडी हाडांत शिरत होती. खालचं खोरं धुक्याने भरलं होतं, आणि गवत दवाने इतकं भिजलेलं की चार पावलांत गोणपाट जड झालं. मी म्हटलं, जरा ऊन पडू द्या, सुकेल.

“सुकलं का उबं ऱ्हातं,” मावशी म्हणाली. “वलं हाय तवरच निजतं. चल.”

पुढच्याने दोन्ही पाय जोडून, घोट्याने रेटत गवत आडवं करायचं. मागच्यांनी त्यावरच पाय द्यायचे. पुढचा दमला की बाजूला होऊन सगळ्यांच्या शेवटी लागायचा. माझी पाळी आली. वीस पावलांत माझ्या मांड्या थरथरू लागल्या.

“काय रे, मनुक्षमात्रा,” म्हातारा मागून म्हणाला, “ठेवता येतंय का पाऊल?”

दहा वाजता दव उडालं की काम थांबे. शनिवारी निम्मा चढ झाला. रविवारी आम्ही खिंडीत पोचलो. मागे वळून पाहिलं तर पिवळ्या डोंगरावरून आमची वाट भांग पाडल्यासारखी खाली गेली होती. पलीकडच्या उतारावर गुरांच्या पायांनी वाट मोकळीच होती. मावशी थांबली नाही. “मी पल्याड जाते,” म्हणाली, आणि दोघांना घेऊन उतरली.

सोमवारी दुपारी साहेब आला, बरोबर गार्ड. वाट पाहून साहेब उखडला. “गवत कुणी कापलं?”

“वाकून बघा साहेब,” मी म्हटलं. “एक तरी काडी कापलेली दाखवा.”

गार्ड वाकला. मुळासकट सगळं गवत शाबूत होतं, फक्त आडवं. साहेबाने माझा अर्ज पुढे केला. “हे अक्षर तुमचंच ना? मनुष्यमात्रास अशक्य?”

“माझंच. आणि खोटं आहे. मी न चालता लिहिलं होतं.”

ते म्हणताना मला लाज वाटली नाही, उलट कणा ताठ झाला. साहेब म्हणाला, तीन दिवसांची वाट ही वाट नव्हे, चालतं कोण हिच्यावरून? मी खिंडीकडे बोट दाखवलं. वरून माणसं येत होती. पुढे मावशी, तिच्या खांद्यावर हात ठेवून लेक, एकेक पाऊल जपून टाकत. दोघींच्या पोटऱ्यांना गोणपाट. वाट एकाच माणसाच्या रुंदीची. त्या जवळ आल्या, तशी मावशी थेट साहेबाला म्हणाली, “बाजूला व्हा जरा. पोटुशी हाय.”

साहेब गवतात उतरून उभा राहिला.

त्या दिवशी बंदीच्या कागदावर सही झाली नाही. ‘पुढील हिवाळ्यात पुन्हा पाहणी’ असा शेरा पडला. मावशीच्या हातावर मुलगी झाली. आता ती त्याच वाटेने चालते. तेव्हापासून दर हिवाळ्यात साहेब बदलतो, शेरा तोच राहतो, आणि आम्ही वाट पाडतो.

यंदा म्हातारा नाही, दोघे गिरणीत गेले. पाय कमी पडताहेत. म्हणून हे लिहितो आहे, या वेळी चालून आल्यावर. म्हशाच्या जत्रेआधीच्या शुक्रवारी, उजाडताना, पाड्याच्या मागे या. आगगाडीने येऊन आसनगावला उतरलात तर आदल्या दिवशीच या, पाड्यावर निजायची सोय होईल. एक जुनं गोणपाट आणि दोन हात दोरी आणा. कोयता घरी ठेवा.